पेय कोणाचे? ‘ड्यूक’च्या सोड्याचा इतिहास आणि भाषेची साक्ष

व्यापारी पेढीचा इतिहास लिहिताना स्थापनेचे साल, संस्थापकाचे नाव, मालाची यादी आणि अखेरीस पेढीचे हस्तांतर एवढा मजकूर जमला की लेखक बहुधा समाधान पावतो. मुंबईच्या ‘ड्यूक अँड सन्स’ या पेयोत्पादक पेढीबाबत असा मजकूर चार ओळींत सांगता येतो. १८८९ साली दिनशाजी कुवरजी पांडोल या पारशी गृहस्थांनी ती स्थापन केली. सोडा, लेमन, रासबेरी इत्यादी पेयांमुळे आणि पुढे ‘मँगोला’ या आंब्याच्या पेयामुळे ती मुंबईत घरोघरी माहीत झाली. आणि १९९४ साली ती ‘पेप्सी’ या अमेरिकन कंपनीच्या ताब्यात गेली. या चार ओळी खऱ्या आहेत. परंतु हे पेय कोणाचे होते, या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नाही. पारशी मालकाचे, इंग्रजी नावाचे, युरोपात शोधल्या गेलेल्या वायूचे आणि मुंबईच्या पाण्याचे हे पेय देशी म्हणावयाचे की विलायती?

पेयाचे स्वत्व तीन गोष्टींवरून ठरविण्याची आपल्याकडे रीत आहे. ते कशापासून झाले, त्याला काय म्हणतात, आणि ते कोणाच्या हातचे आहे. या तिन्ही कसोट्या येथे क्रमाने लावून पाहावयाच्या आहेत. प्रस्तुत लेखकाचा व्यासंग भाषाशास्त्राचा असल्यामुळे दुसऱ्या कसोटीकडे त्याचा ओढा अधिक आहे, हे प्रथमच कबूल केलेले बरे. तथापि लेखाच्या शेवटी तिसरी कसोटीच निर्णायक ठरते असे दिसेल, आणि तिचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मुंबईत नसून खुद्द कोल्हापुरात आहे.

पहिली कसोटी द्रव्याची. ती किती भरवशाची आहे हे पाहण्यासाठी परदेशातील एका प्रसिद्ध पेयाचे उदाहरण उपयोगी पडते. अमेरिकेतील ‘रूट बिअर’ म्हणजे शब्दशः मुळांची बिअर. फिलाडेल्फियाचे औषधविक्रेते चार्ल्स हायर्स यांनी १८७६ साली त्या शहरी भरलेल्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात हे पेय लोकांपुढे मांडले. ‘रूट टी’ म्हणजे मुळांचा चहा असे नाव देण्याचा त्यांचा प्रथम विचार होता. परंतु पेनसिल्व्हानियातील खाणकामगार चहाकडे वळणार नाहीत, त्यांना बिअर म्हटलेलेच रुचेल, असा सल्ला मिळाल्यावरून नाव बदलले, अशी हकीकत सांगतात. गंमत अशी की हायर्स स्वतः मद्यनिषेधाचे पुरस्कर्ते होते, आणि तरीही केवळ या एका शब्दामुळे अमेरिकेतील स्त्रियांच्या मद्यनिषेध संघटनेने १८९५ साली त्यांच्या पेयावर बहिष्कार पुकारला. रासायनिक परीक्षेत त्यातील मद्यार्क नगण्य ठरल्यावर १८९८ साली तो मागे घेण्यात आला. वस्तू निर्दोष असून शब्दाने तिला तीन वर्षे गोत्यात आणले.

या पेयाच्या इतिहासातील पुढचा प्रसंग आपल्या विवेचनास अधिक महत्त्वाचा आहे. रूट बिअरचा विशिष्ट स्वाद मुख्यतः सॅसफ्रास या झाडाच्या मुळाच्या सालीतून येई. त्या सालीतील सॅफ्रोल हे द्रव्य अपायकारक ठरून १९६० साली अमेरिकन सरकारने खाद्यपेयांत त्याच्या वापरास बंदी केली. तेव्हापासून हा स्वाद कृत्रिम रीतीने, अथवा सॅफ्रोल काढून टाकलेल्या अर्काने आणला जातो. म्हणजे ज्या मुळावरून नाव पडले ते मूळ गेले, आणि नाव मात्र राहिले. पेय तेच आहे असे पिणारे मानतात. द्रव्याची कसोटी येथेच डळमळू लागते.

रूट बिअरच्या जुन्या पाककृतींत सॅसफ्रासच्या जोडीला सार्सापरिला हे दुसरे मूळ असे. हा शब्द स्पॅनिश. काटेरी झुडूप आणि लहानसा वेल अशा अर्थांच्या दोन शब्दांच्या जोडणीतून तो झाला. आता याच गुणांची एक वेल सह्याद्रीच्या उतारांवर आणि दख्खनच्या माळांवर आपोआप उगवते. मराठीत तिला उपळसरी किंवा अनंतमूळ म्हणतात. संस्कृतात ती सारिवा. सुश्रुतसंहितेत जो सारिवादि गण सांगितला आहे तो तृष्णा शमविणारा म्हणूनच सांगितला आहे. म्हणजे सुगंधी मुळापासून तहान भागविण्याची कल्पना या देशास नवी नव्हती. तमिळमध्ये हेच मूळ नन्नारी होय, आणि नन्नारीचे सरबत दक्षिणेत आजही विकले जाते. आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये या वनस्पतीस सोगदे बेरु म्हणतात. कन्नडमध्ये ‘बेरु’ म्हणजे मूळ. सीमाभागातील एखाद्या हौशी व्युत्पत्तिकारास येथे ‘बिअर’ आणि ‘बेरु’ यांचा संबंध जोडण्याचा मोह होईल. परंतु पहिला शब्द जर्मानिक कुळातला आणि दुसरा द्राविडी. दोहोंत ध्वनिसाम्यापलीकडे काही नाही. विद्यार्थ्यांनी असल्या सापळ्यांपासून दूर राहावे.

या वनस्पतीस पाश्चात्त्य शास्त्राने काय नाव दिले हे पाहण्याजोगे आहे. विल्यम रॉक्सबर्ग यांनी दिलेल्या शास्त्रीय नावातील जातिवाचक पद ‘स्यूडोसार्सा’ असे होते. म्हणजे खोटा सार्सा. १८६४ सालच्या ब्रिटिश औषधिकोशात तिला स्थान मिळाले खरे, पण व्यवहारात तिची ओळख देशी सार्सापरिला अशीच राहिली. मूळ येथले, उपयोग येथला, ग्रंथाधार येथला. आणि नामकरणात मात्र ती दूरच्या एका वेलीची नक्कल ठरली. उपळसरी आपल्याकडे वैद्याच्या बटव्यात आणि काष्ठौषधीच्या दुकानात राहिली. बाटलीबंद पेयाचा व्यापार तिच्याभोवती उभा राहिला नाही. तो व्यापार ज्यांच्याभोवती उभा राहिला त्यांत रासबेरी होती, जे फळ पिणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी कधी डोळ्यांनी पाहिले असेल. द्रव्य हीच कसोटी असती तर उपळसरीचे पेय आपले ठरावयास हवे होते आणि रासबेरी परकी. घडले नेमके उलट.

असे का घडले याचे उत्तर त्या व्यापाराच्या स्वरूपात आहे. बाटलीबंद पेयांचा धंदा मुळात स्वादाचा नव्हे, तर वायूचा. जोसेफ प्रीस्टली यांनी लीड्स येथील मद्यभट्टीशेजारी राहत असता कर्बद्विप्राणिद वायू पाण्यात मिसळण्याचे प्रयोग केले आणि १७७२ साली त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. योहान याकोब श्वेप यांनी १७८३ साली जिनिव्हात त्याचा व्यवसाय सुरू केला आणि पुढे तो लंडनला नेला. थंड पाण्यात दाबाखाली वायू विरतो, आणि दाब सुटताच फसफसून बाहेर येतो, एवढेच यातले शास्त्र. त्यासाठी लागते ते एक यंत्र, वायूचा साठा, स्वच्छ पाणी आणि दाब सहन करणारी बाटली. स्वाद हा त्यावरचा साज. गिरणीच्या मानाने भांडवल अगदी थोडे. हिंदुस्थानात या पाण्याचे पहिले मोठे गिऱ्हाईक म्हणजे लष्करी छावण्या आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची घरे. कारण येथील पाण्याची त्यांना धास्ती असे. शिवाय १८३३ पासून अमेरिकेतून जहाजाने बर्फ कलकत्त्यास येऊ लागला, आणि लवकरच तो मुंबईसही पोचला. त्यामुळे थंड पेयाची चटक लागावयास वेळ लागला नाही.

या धंद्यात पारशी व इराणी समाज अग्रभागी राहिला. मुंबईत पालनजींची पेढी १८६५ पासूनची. पुण्याच्या छावणीत इराणहून आलेल्या अर्देशिर यांनी १८८४ साली आपला कारखाना काढला. आणि १८८९ साली ‘ड्यूक’ आली. या तीन नावांची तुलना उद्बोधक आहे. पालनजी आणि अर्देशिर ही मालकांची स्वतःची नावे. बाटलीवर कर्त्याचेच नाव आहे, आडपडदा नाही. पांडोल यांनी मात्र आपले नाव लावले नाही. ते क्रिकेट खेळणारे होते, आणि इंग्लंडात ‘ड्यूक अँड सन्स’ हे क्रिकेटच्या चेंडूंचे नामांकित कारागीर होते. १७६० पासून हे घराणे चेंडू करीत असे. त्या चेंडूवरून पेढीचे नाव पडले, अशी परंपरा आहे. १८८६ आणि १८८८ या दोन वर्षी पारशी संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले होते, हे लक्षात घेता त्या काळच्या पारशी तरुणाच्या मनात चेंडूवरील शिक्क्याला केवढे स्थान असेल याची कल्पना येते. परंतु मुंबईच्या रस्त्यावर बाटली हातात घेणाऱ्यास हे कोठून ठाऊक असणार? त्याला ‘ड्यूक’ म्हणजे कोणी सरदार, कोणी साहेब. चेंडू करणाऱ्या एका कारागीर कुटुंबाचे आडनाव येथे येऊन पदवीसारखे ऐकू येऊ लागले. नाव तेच, अर्थ दुसरा.

आता आपण दुसऱ्या कसोटीकडे आलो. नावावरून पेय कोणाचे हे ठरते काय? येथे पेढीने दिलेली नावे आणि लोकांनी घडविलेली नावे असा भेद करणे अगत्याचे आहे. लोकांनी प्रथम दिलेले नाव ‘विलायती पाणी’ हे होय. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात सोडावॉटरचे हे रूढ नाव नोंदलेले आहे. ‘विलायती’ हे विशेषण देश दाखवीत नाही, परकेपण दाखविते. अमेरिकेतून आलेली चिंचही आपल्याकडे विलायतीच म्हणविते. मराठीत हे नाव टिकले नाही. त्याऐवजी सोडावॉटर आले, आणि त्यातील ‘वॉटर’ गळून ‘सोडा’ उरला. वस्तुतः सोडा हे एका क्षाराचे नाव. खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा या प्रयोगांत ते आजही त्या अर्थी आहे. पेयात तो क्षार असो वा नसो, शब्द रुजला.

शब्द रुजला हे कशावरून म्हणावयाचे? व्याकरणावरून. मराठीत आकारान्त पुल्लिंगी सामान्यनामाचे सामान्यरूप याकारान्त होते: घोडा, घोड्याचा; ओढा, ओढ्याचा. सोडा हा शब्द बिनतक्रार या रांगेत जाऊन बसला. आपण ‘सोड्याची बाटली’ म्हणतो आणि ‘दोन सोडे द्या’ असे सांगतो. आता याच पेढीच्या ‘मँगोला’कडे पाहावे. तोही आकारान्तच, परंतु ‘मँगोल्याची बाटली’ असे सहसा कोणी म्हणत नाही, ‘मँगोलाची’ असेच म्हणतात. ‘लिम्का’चीही तीच गत. विशेषनाम आपले रूप राखून असते, सामान्यनाम भाषेच्या हाती स्वतःला सोपविते. व्यापारी नाव म्हणजे कायद्याने राखलेले विशेषनाम. मराठीत त्याची राखण व्याकरणही करते असे म्हणावयास हरकत नाही. मात्र ही राखणच त्याच्या आपलेपणाच्या आड येते. ज्या शब्दाला सामान्यरूप लाभले तो घरचा झाला. ज्याला लाभले नाही तो पाहुणा.

स्वादांच्या नावांतही अशीच एक व्यवस्था दिसते. इंग्रजीत लेमन हे फळ आणि जिंजर हा कंद. मराठीत फळ लिंबूच राहिले आणि कंद आलेच राहिला; लेमन आणि जिंजर ही नावे केवळ बाटलीतील पेयांना मिळाली. ‘एक लेमन द्या’ म्हटल्यावर दुकानदार फळ आणून देणार नाही. परक्या शब्दाने येथल्या शब्दाला हुसकून न लावता अर्थाची वाटणी करून घेतली. रासबेरीच्या बाबतीत तर वाटणीचाही प्रश्न उरला नाही, कारण ते फळ येथे परिचयाचेच नव्हते. आपल्याकडे रासबेरी म्हणजे लाल रंगाचे गोड पेय, एवढाच अर्थ. पारशांच्या लग्नाच्या आणि नवजोतच्या जेवणात, तसेच इराणी उपाहारगृहांत या लाल बाटलीस जे स्थान मिळाले ते तिच्या वनस्पतिशास्त्रीय मुळामुळे नव्हे. बाटलीचेही मराठीकरण झालेच. हायरम कॉड यांनी इंग्लंडात १८७२ साली सिद्ध केलेल्या बाटलीत मानेतील काचेची गोटी आतल्या वायूच्या दाबाने रबरी कड्यावर घट्ट बसते. त्या गोटीवरून आपल्याकडे ‘गोटी सोडा’ हे नाव पडले. शोधकाचे नाव गळाले आणि मुलांच्या खेळातील शब्द वर आला.

एवढ्यावरून नावाची कसोटी पुरेशी ठरते असे वाटेल. तशी ती ठरत नाही. भाषेने शब्द स्वीकारला याचा अर्थ समाजाने एकमेकांच्या हातून पेला स्वीकारला असा होत नाही. १८९० साली, म्हणजे ‘ड्यूक’च्या स्थापनेच्या पुढच्याच वर्षी, पुण्यास पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून केवढे वादळ उठले, आणि रानडे व टिळक यांच्यासारख्यांसही त्यात सापडावे लागले, हे सर्वश्रुत आहे. चहा हा शब्द तेव्हा मराठीत उत्तम रुजलेला होता. वाद शब्दाचा नव्हताच. वाद हाताचा होता.

बंद बाटलीचे सामाजिक महत्त्व येथे ध्यानात येते. पेल्यातून दिलेल्या पाण्यास देणाऱ्याचा हात दिसतो. यंत्राने भरलेल्या आणि गोटीने मिटलेल्या बाटलीत तो दिसत नाही. बाटलीवरील नाव जितके दूरचे, तितका हात अधिक अदृश्य. ‘ड्यूक’सारख्या नावाचा हा एक न बोललेला उपयोग असावा असे प्रस्तुत लेखकास वाटते, अर्थात हे अनुमान आहे, आणि अर्देशिर व पालनजी यांनी स्वतःची नावे लावूनही धंदा केला हे त्याविरुद्ध जाणारे उदाहरण वाचकांनी विसरू नये.

कोल्हापुरात मात्र हाच प्रश्न बाटलीआड न लपविता उघड्यावर सोडविला गेला. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या पागेत नोकरीस होते. पाण्याच्या हौदास शिवल्याच्या कारणावरून त्यांना मारहाण झाली. छत्रपती शाहू महाराजांनी मारणाऱ्यांस शासन केले आणि गंगाराम यांना स्वतंत्र व्यवसायासाठी साहाय्य दिले. त्यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यावयास प्रथम कोणी येईना. तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी तेथे थांबवून चहा घेत, आणि बरोबरच्या मंडळींसही देववीत. या हकीकतीचा पुढचा भाग सहसा ओझरता सांगितला जातो. केवळ चहावर न थांबता महाराजांनी गंगाराम यांना सोडावॉटर तयार करण्याचे यंत्रही घेऊन दिले, असे कोल्हापुरात सांगतात. महाराजांचे निधन १९२२ साली झाले. म्हणजे ही घटना त्यापूर्वीची.

या यंत्राचा अर्थ नीट पाहावा. चहाच्या बाबतीत प्रश्न होता तो केवळ देणाऱ्याच्या हाताचा. सोड्याच्या बाबतीत तो उत्पादकाच्या हाताचा झाला. पाण्याला शिवल्याबद्दल ज्याला मार बसला, त्याच्याच हाती पाण्याचे पेय करण्याचे यंत्र आले. बाटली बंद होती, परंतु दुकान भर रस्त्यावर होते आणि मालक कोण हे सर्वांस ठाऊक होते. येथे बाटलीने हात लपविला नाही. उलट हात स्वीकारावा म्हणूनच ती लोकांपुढे ठेवली गेली. थोड्या भांडवलात उभे राहू शकणारे जे यंत्र मुंबईत एका पारशी खेळाडूच्या उद्योगाचे साधन झाले, तेच कोल्हापुरात एका माणसाच्या प्रतिष्ठेचे साधन झाले.

आता ‘ड्यूक’च्या अखेरच्या पर्वाकडे वळून हे विवेचन आवरावयाचे आहे. १९७७ साली ‘कोका-कोला’ भारतातून गेली आणि देशी पेयांस मोकळे मैदान मिळाले. आर्थिक धोरण बदलल्यावर चित्र पालटले. ‘पेप्सी’ १९९० साली आली, १९९३ साली ‘कोका-कोला’ परतली आणि त्याच वर्षी ‘पार्ले’ची गाजलेली पेयनामे तिने विकत घेतली. १९९४ साली ‘ड्यूक’ ‘पेप्सी’कडे गेली. पुढे ‘मँगोला’ हे नाव बाजारात मागे पडले. या व्यवहारात विकले गेले काय? कारखाना, पाककृती आणि नाव. क्रिकेटच्या चेंडूवरून घेतलेले, एक शतक मुंबईने उच्चारलेले नाव कागदावर सही होताच दुसऱ्याची मालमत्ता झाले. मालमत्ता झाल्यावर ते वापरावे की मिटवावे हेही मालकानेच ठरवावयाचे. सोडा, लेमन आणि गोटी सोडा हे शब्द मात्र कोणास विकता आले नाहीत, कारण ते कोणाच्याच मालकीचे नव्हते.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे. मुळावरून पेय कोणाचे हे ठरत नाही. उपळसरी आणि रासबेरी याची साक्ष आहेत. व्यापारी नावावरूनही ते ठरत नाही. ते नाव आज एकाचे तर उद्या दुसऱ्याचे. भाषेने ज्याला सामान्यरूप दिले ते पेय भाषेपुरते आपले झाले, आणि ज्याच्या हातचे ते आपण घेतले त्याच्याशी नाते जोडल्याने ते समाजाचे झाले. पेढ्यांचे इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकांनी या गोष्टीकडे लक्ष द्यावे, अशी विनंती आहे. गंगाराम कांबळे यांच्या सोड्याला ‘ड्यूक’सारखे गाजलेले व्यापारी नाव नव्हते. केवळ व्यापारी नावांच्या आधारे महाराष्ट्रातील पेयांचा इतिहास लिहिला तर त्यात भाऊसिंगजी रस्त्यावरील ते यंत्र कोठेच सापडणार नाही. आणि ते सापडत नसेल तर तो इतिहास अपुराच म्हणावा लागेल.